दुपारची मम्मी

काम तसं दहा मिनिटांचं होतं. साडेबाराला बालवाडी सुटते. पोरीला घ्यायचं, रिक्षात बसायचं, घरी यायचं. जगातल्या सगळ्या आया हे रोज करतात आणि त्याचं कुणी कौतुक करत नाही. रिद्धीनं मात्र त्यासाठी आदल्या दिवशीच कपडे काढून ठेवले होते.

जवळजवळ वर्षानं ती हिनाला आणायला निघाली होती. डोक्यावर नुकतेच बोटभर उगवलेले केस, ते झाकायला सुती टोपी, तोंडावर मास्क, मास्कवर चष्मा आणि पर्समध्ये हात धुवायच्या दोन बाटल्या. बेटेगावच्या नाक्यावर रिक्षावाल्यानं आरशातून बघितलं. ‘मॅडम, बँक लुटने जा रहे हो क्या?’ असं त्यानं विचारावं अशी तिची फार इच्छा होती, म्हणजे हसता तरी आलं असतं. पण तो बिचारा गप्प बसला. ऑक्टोबरचं ऊन रस्त्यावर पांढरं पडलं होतं. वारा फिरला की कारखान्यांकडून तो रोजचा आंबूस वास यायचा, आणि रिद्धी नाकावर मास्क दाबून धरायची.

शाळेच्या फाटकात स्नेहा टीचर उभी होती. मासवणकडची चुणचुणीत पोरगी, वर्षभर फोनवरच बोललेली. “ताई, तुमी आलात!” म्हणून तिनं हात पुढे केला, मग आठवण होऊन मागे घेतला आणि नुसताच हलवला.

हिना दप्तर घेऊन फाटकापर्यंत आली आणि उंबऱ्याच्या आतच थांबली.

“शब्द?” ती म्हणाली.

रिद्धी हसली. मास्कमधून हसू दिसत नाही हे ती अजून विसरायची. “अगं, मी आहे.”

“शब्द सांग ना.”

आता हा शब्दाचा कारभार रिद्धीचाच. हिना पहिल्यांदा शाळेत जायला लागली तेव्हा मोबाइलवर मुलं पळवणाऱ्यांचे मेसेज फिरत होते. शिकलेली बाई, मेसेज खोटे असतात हे तिला कळत होतं, तरी रात्री झोप यायची नाही. मग तिनं एक गुपित शब्द ठरवला. ज्याला शब्द येईल त्याच्याबरोबरच जायचं. आजी आणि पप्पांना सूट. शब्द फक्त मायलेकींचा. “आणि तूच आलीस तर?” साडेतीन वर्षांच्या हिनानं तेव्हा विचारलं होतं. शहाणपणाच्या भरात रिद्धी म्हणाली होती, “मी आले तरी विचारायचं. सवय राहते.”

तो शब्द आज आठवत नव्हता.

कीमोनं असं होतं, डॉक्टरांनी सांगितलं होतं. गॅसवर दूध, चाव्या, शेजारणीचं नाव. जिभेवर येऊन बसतं आणि पुढे सरकत नाही. मासा होता, एवढं तिला पक्कं आठवत होतं. मासेमारांच्या घरात दिलेली, दुसरं काय सुचणार.

“मांदेली?”

हिनानं मान हलवली.

“बोंबील? ...जवळा? शिंगाळा? खुबे?”

“खुबे मासा नसतो,” हिना म्हणाली.

स्नेहा टीचरनं तोंडावर हात धरला. “ताई, तुमी तर गेटवर बाजारच मांडला.”

रिद्धीही हसली. कानशिलं तापली होती. “हिना, पुरे. चल, ऊन आहे.”

“मम्मी तर रोज बरोबर सांगते.”

“कोण मम्मी?”

“मम्मी.” हिनानं असं बघितलं की जणू रिद्धीनं पाणी म्हणजे काय असं विचारलं होतं.

रिद्धी फाटकाबाहेर उकिडवी बसली. पूर्वी गुडघे वाकायचे नाहीत, आता वाकत होते. “आणि मग मी कोण, राणी?”

“तू बरी व्हायला आलेली,” हिना म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, रुसवा नव्हता. वर्गात कोण कुठल्या बाकावर बसतं ते सांगावं तसं तिनं सांगितलं. “मम्मी दुपारी येते. आजी झोपली की.”

स्नेहा टीचरचं हसू गेलं. तिनं रिद्धीकडे बघितलं, मग फोन काढून हिनाच्या आजीला लावला.

आजी, म्हणजे रिद्धीची सासू जमना, पंधरा मिनिटांत रिक्षानं आली आणि हिना उडी मारून तिच्या कडेवर गेली. परतीच्या वाटेवर रिद्धी पुढच्या रिक्षात एकटी होती. तिला वाईट वाटत होतं. पण त्याच्या खाली दुसरं काहीतरी हळूहळू गार होत चाललं होतं.

घर म्हणजे बेटेगावातली नवी इमारत. चोवीस फ्लॅट, त्यातले सहा भरलेले. समुद्रावरचं सासरचं घर सोडून इथे यायचं कारण डॉक्टरांची यादी: धूळ नको, गर्दी नको, अंगणात वाळत घातलेले मासे तर नकोतच. मेहुल कारखान्यात शिफ्टला जायचा, जमना पोरीला बघायची आणि रिद्धी आतल्या खोलीत राहायची. हिनाला खोलीच्या दारापर्यंत परवानगी होती. तिथून ती चित्रं दाखवायची आणि जायची. पोरगी टोपीला बुजते, मास्कला बुजते, असं रिद्धी स्वतःला सांगत आली होती.

आजार कातडीचा, असं सुरुवातीला वाटलं होतं. बोटं गार पाण्यात घातली की पांढरी व्हायची, मग निळी. मग हाताची कातडी आवळत गेली, चामड्यासारखी, मूठ उघडेना. मग तोंड. पाणीपुरीची पुरी आत जाईना. बोलताना शब्द जणू बटणाच्या काजातून बाहेर काढावे लागायचे. रोज सकाळी ती एका भांड्यात मेण वितळवून त्यात हात बुडवायची, म्हणजे बोटं थोडी सुटायची. हिना त्याच वासात वाढली. कोमट मेणाचा वास म्हणजे मम्मी. शेवटी आजार फुप्फुसात उतरला, तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं, “रिद्धी, तुमच्याच घराचे राखणदार घरच्यांना चोर समजायला लागलेत. औषधं देऊन त्यांना किती दिवस गप्प बसवणार? आपण असं करू. तुमच्याच स्टेम सेल काढून बाजूला ठेवू. मग जुने राखणदार झाडून सगळे घालवू. आणि त्या कोऱ्या पेशी परत सोडू. त्या नव्यानं शिकतील कोण आपलं, कोण परकं.”

“घालवलेले कुठे जातात?” तिनं विचारलं होतं.

डॉक्टर हसले होते. “कुठे जाणार? संपतात.”

पेशी परत सोडल्या त्या दिवशी तिच्या अंगाला लसणीचा भपकारा येत होता. पेशी गोठवताना जे घालतात त्याचा. “आज आपल्या वॉर्डात चटणी,” नर्स म्हणाली होती. तेवढं एक हसू. बाकीचे पाच आठवडे काचेच्या आत. पण उपाय लागू पडला. बोटं सुटली. एके सकाळी तिनं अख्खी जांभई दिली आणि आरशात स्वतःच्या तोंडातली टाळू बघून रडली.

त्या दुपारी तिनं जमनाला विचारलं. जमना ताक घुसळत होती.

“पोर हाय ती. पोरं बोलतात,” जमना म्हणाली. पण रवी थांबली.

“अहो आई, खरं सांगा.”

“आता तुला काय सांगू, बाय... तू तिकडं असताना रोज दुपारी ती दाराशी जायची. मी पडलेली असायची. आधी काय तरी विचारायची, मंग खुदकन हसायची. मी उठून दार उघडलं तर कोण नाय. जिना सगळा रिकामा. नुसता वास.”

“कसला?”

“तुज्या मेणाचा. मी म्हटलं, भांडं कोणी तापवलं? भांडं तर मीच माळ्यावर बांधून टाकलेलं.”

“कधीपासून?”

जमनाच्या लेखी तारखा नव्हत्या, भरती-ओहोटी होती. ती बोटांवर मोजत मागे गेली. “अवसेचं उधाण होतं. होड्या वर वढून घेतल्या, त्याच दिवशी मेहुलचा फोन आला, तुला ते धुऊन काढायचं औषध चालू केलं म्हणून. त्याच दुपारी पोर पयल्यांदा बोलली, मम्मी आली.” ती पुन्हा ताकाकडे वळली. “मना वाटलं, आठवण येते लेकराला. म्हणून मी बोलली नाय.”

संध्याकाळी मेहुल कामावरून आला, त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि शूज काढत म्हणाला, “तू विसरतेस, हे डॉक्टरांनीच सांगितलंय ना?”

“मी विसरते. पण ते कुणाच्या तरी लक्षात आहे, मेहुल.”

थोड्या वेळानं उठून त्यानं मुख्य दाराची कडी हलवून बघितली. ती कडी खाली होती, हिनाच्या खांद्याइतकी. रिद्धीचे हात वर जात नव्हते तेव्हा तिच्यासाठीच त्यानं ती खाली लावून घेतली होती. “उद्या वर बसवून घेतो,” तो म्हणाला. उद्याचा परवा झाला आणि परवा शुक्रवार उजाडला.

शुक्रवारी त्या भागात लाइट नसते. दुरुस्तीसाठी सकाळी जाते ती चार-पाचला येते. त्याच दिवशी जमनाच्या भावजयीकडे, नलूकडे, नातवाचं बारसं होतं. जमना जाऊ की नको करत होती. रिद्धीनंच तिला घालवलं. पाच वर्षांची आपली मुलगी, आपलं घर, टळटळीत दुपार. यातही सोबत लागत असेल तर डॉक्टरांनी एवढा खटाटोप केला कशाला?

जमना हिनाला शाळेतून आणून, जेवू घालून गेली. मेहुल संध्याकाळी सातला येणार होता. पंखा बंद. चोवीस फ्लॅटांची ती इमारत उन्हात उभी होती आणि कुठूनही कसलाच आवाज नव्हता. पाण्याचा पंप नाही, टीव्ही नाही, लिफ्ट नाही. हिना बाहेरच्या खोलीत फरशीवर पोट टेकून चित्र काढत होती. रंगीत खडूचा घासल्याचा आवाज तेवढा येत होता. रिद्धी आपल्या खोलीच्या दारात खुर्ची ओढून बसली. तिनं डोळे मिटायचे नाहीत असं ठरवलं होतं. ठरवलं होतं...

खडूचा आवाज थांबला तेव्हा ती जागी झाली.

पहिल्यांदा आला तो वास. कोमट, गोडसर, जुनाट. तो वास तिला आवडला. क्षणभर वाटलं, सकाळ झाली, हात बुडवायचे राहिलेत.

मग दारावर आवाज आला. टक. टक टक. हाडावर हाड आपटावं तसा. ज्याच्या बोटांची पेरं वाकत नाहीत ते माणूस असंच दार वाजवतं, बोटांच्या टोकांनी. हे रिद्धीला कुणी सांगायला नको होतं. अडीच वर्षं ती तसंच वाजवत आली होती.

हिना दाराशी उभी होती. तिनं मागे वळूनही बघितलं नाही.

“शब्द?” ती दाराला म्हणाली.

बाहेर कुणीतरी श्वास घेतला. अपुरा, वरवरचा, फुप्फुसात मावत नाही तसा. आणि मग बटणाच्या काजातून ओढून काढल्यासारखा एक शब्द आला.

“...निवटी.”

निवटी! खाडीच्या चिखलात उड्या मारणारा तो बुळबुळीत मासा. हातातून सटकतो म्हणून तर निवडला होता. कुणाला सहज सापडू नये म्हणून. शब्द तिचा होता. आवाजही तिचाच होता. आजारातला.

हिना खुदकन हसली आणि तिनं कडीला हात घातला.

“हिना!” रिद्धी ओरडली. ती धावत जाऊन तिच्या मागे पोचली आणि थबकली. दाराखाली बोटभर फट होती. त्या फटीतून चार बोटं आत आली होती. दुसऱ्या पेरापर्यंत पांढरीफटक, टोकाशी निळी, जणू बर्फातून काढलेली. ऑक्टोबरच्या उन्हात. पहिल्या बोटाच्या टोकाला एक न भरलेली जखम होती. रिद्धीनं नकळत स्वतःचं बोट चाचपलं. तिथे आता नुसता एक खड्डा होता, तांदळाच्या दाण्याएवढा. बरा झालेला.

“दार उघडू नकोस. राणी, ऐक माझं. निवटी. मला पण येतो शब्द. निवटी.”

हिनानं आता वळून बघितलं. तिच्या कपाळाला आठी होती. “तू ऐकून सांगितलास. कॉपी केलीस.”

“हिना...” दारापलीकडून आवाज आला, मऊ, समजूत घालणारा. “उघड, बाळा. ती आतली... ती परकी आहे.”

हिनाचा हात कडीवरच होता. पोरगी विचार करत होती. रिद्धीला तिचा तो विचार करताना खालचा ओठ चावायचा चेहरा दिसत होता, आणि तिला भयानक स्पष्ट कळत होतं की या परीक्षेत आपण नापास होणार. काय विचारलं तरी बाहेरचीला येणार. पहिला दात कधी आला? कुठल्या पायाला तीळ आहे? तापात कुठलं गाणं म्हणायचीस? सगळं तिकडे होतं, दारापलीकडे, वेणीसकट, मेणाच्या वासासकट. ती पाच वर्षांची आई तिकडेच होती. इकडे कोण होतं? पाच महिन्यांची एक कोरी बाई. जिला दूध गॅसवर ठेवल्याचं आठवत नाही.

कडी अर्धी सरकली.

पाच महिन्यांची. कोरी.

रिद्धीनं मास्क ओढून काढला. हात धुतलेले नव्हते, पोरीच्या नाकाला शेंबूड होता, डॉक्टरांची अख्खी यादी डोळ्यांसमोर होती. ती खाली बसली, त्या चार बोटांपासून वीतभर अंतरावर, आणि तिनं हिनाला जवळ ओढून तिच्या कानाला तोंड लावलं. इतक्या जवळून तिनं आपल्या मुलीचा वास घेऊन किती दिवस झाले होते. घाम, खडू, खोबरेल. तिनं कानात एक शब्द सांगितला. आत्ता, त्या क्षणी सुचलेला, याआधी कधीच नसलेला. तो कुठला, ते ती अजूनही कुणाला सांगत नाही.

हिनाला गुदगुल्या झाल्या. तिनं खांदा वर केला. “असा कुठे शब्द असतो?”

“आपला आहे. आत्तापासून.”

“अजून कुणाला माहितेय?”

“कुणाला नाही. तुला आणि मला.”

हिनानं थोडा वेळ तिच्या उघड्या तोंडाकडे बघितलं, नाकाकडे, ओठांकडे. बोटानं तिचा गाल दाबून बघितला. गाल दबला. मग ती दाराकडे वळली आणि बालवाडीतल्या टीचरच्या आवाजात म्हणाली, “जुना चालत नाही. नवीन सांग.”

बाहेर तोच अपुरा श्वास.

“...निवटी,” बाहेरची म्हणाली.

“नवीन.”

आत आलेली बोटं हलली. फरशीवर नखं घासली गेली.

“मांदेली...” आवाज आला. “बोंबील... शिंगाळा...”

रिद्धीनं दोन्ही हातांनी हिनाचे कान झाकले. तिला ओरडायचं होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे तिला रडू येत होतं. कारण बाहेरची घाबरली होती. आवाज एकेका नावानिशी खाली खाली जात होता. फाटकाबाहेर उन्हात उभ्या राहिलेल्या बाईचा आवाज, जिची मुलगी तिला घ्यायला तयार नाही.

“जवळा... करदी... हिना, थांब ना... मला येतो... मला सगळं येतं...”

मग काहीच नाही. बोटं कधी मागे गेली ते दिसलं नाही; फट रिकामी होती. जिन्यावर पाऊल वाजलं नाही. किती वेळ गेला कुणास ठाऊक. घर्रकन पंखा सुरू झाला, खाली पाण्याचा पंप लागला, आणि हिना म्हणाली, “मम्मी, मला भूक लागली.”

मम्मी म्हणाली ती. रिद्धीला. तिनं उठून पोळी-गूळ दिला आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारत राहिली.

त्यानंतर दुपारी कुणी आलं नाही. मेहुलनं कडी वर बसवली. पोरीच्या शेंबडानं रिद्धीला दोन दिवस बारीक ताप आला, तोही गेला. हिना आता खोलीच्या दारात थांबत नसे. थेट पलंगावर चढायची, मम्मीचे नवे केस उलटे-सुलटे करायची आणि तिला साळिंदर म्हणायची. एकदा जमना म्हणाली, “बघ, लेकराला तुजी ओळख पटली.” रिद्धीनं मान डोलावली. आपण उगाच घाबरट, ताप होता, वीज नव्हती, झोपेत काहीबाही ऐकलं असेल. असं ती दिवसातून दोनदा स्वतःला समजावायची. दिवसातून एकदा पटायचंही.

नोव्हेंबरच्या शेवटी सहा महिने पूर्ण झाले. मुंबईच्या डॉक्टरांनी कागदावर नवी यादी लिहून दिली: लसी. लहानपणापासून घेतलेल्या सगळ्या लसी शरीर विसरलं होतं. आता बाळासारखं पहिल्यापासून सुरू करायचं. त्या लसी बोईसरला लहान मुलांच्या दवाखान्यातच मिळत. म्हणून एका मंगळवारी सकाळी रिद्धी हिनाला घेऊन तिथे गेली. भिंतीवर जिराफ, कोपऱ्यात तुटका डुलता घोडा, पाच-सहा रडकी बाळं. हिना खूश होती. इंजेक्शन आपल्याला नाही, मम्मीला, ही बातमी तिनं रांगेतल्या सगळ्यांना सांगितली होती.

खिडकीपाशी हेमाली सिस्टर होत्या, गोऱ्या, बोलक्या, कपाळाला पेन टेकवायची सवय असलेल्या.

“बाळाचं नाव?”

“रिद्धी मेहुल तामोरे.”

“वय?”

“एकतीस.”

सिस्टर हसतील असं तिला वाटलं होतं. उत्तरही तयार होतं. पण सिस्टरनी नुसतं वर बघितलं आणि त्यांचा चेहरा ओळखीचा झाला. “अय्या, तुम्ही होय! मास्कमुळे ओळखलं नाही. केस कापलेत? बरे दिसतात. बसा, कार्ड काढते.”

“कार्ड नाहीये अजून. पहिल्यांदाच आलेय.”

“असं कसं? मीच बनवलंय की.” सिस्टरनी खोक्यातल्या गुलाबी कार्डांवरून बोटं फिरवली आणि एक उपसून पुढे ठेवलं. बाळाच्या नावाच्या रकान्यात रिद्धीचं नाव होतं. पहिला डोस, डावा दंड, तारीख. रिद्धीनं मनात मागे मोजलं. त्या शुक्रवारनंतरचा पहिलाच मंगळवार. खाली सही होती. कापरी, वाकडी, ‘रि’ची वेलांटी अर्ध्यातच सोडलेली. मूठ उघडत नसताना ती अशीच सही करायची.

“माझा दुसऱ्या कुणाशी तरी घोटाळा होतोय तुमचा.”

“अहो, घोटाळा कसला? एवढी मोठी बाळं किती येतात इथे?” सिस्टर सुईचं टोपण काढत हसल्या. “हात काय गार होते तुमचे त्या दिवशी. मी म्हटलं सुद्धा, ताई, या वयात हे काय मागे लागलं तुमच्या? तर तुम्ही म्हणालात, तिनं सगळं नवीन शिकवलंय पोरीला. आता मला पण शिकायला हवं.”